गुलाबांची किसमूर

मे महिन्यातला शुक्रवार, म्हापशाचा बाजार,
पुरुमेंताच्या खरेदीला वाट मिळत नव्हती.
एका गिऱ्हाइकानं नाकाला रुमाल लावला
आणि गालमो अर्ध्या भावात मागितला.
चंद्रावतीमावशीनं तराजू खाली ठेवला.
"वास येता? मागीर गुलाब व्हर,
आनी गुलाबांची किसमूर कर!"

मोबाइल माझ्या हातात होता, इतकंच.
एकवीस सेकंद.
मागे मिरच्यांचा ढीग, कडेला कुणाचं तरी कोपर,
उजेडही धड नव्हता.

शिवोलीत आमच्या घरी रेंज येते ती विहिरीच्या काठावर.
तिथं बसून पाहत राहिलो:
चारशे. बाराशे.
जेवायला हाक आली तेव्हा नऊ हजार,
हुमण गार झालं.
सकाळपर्यंत दोन लाख माणसांनी
माझ्या मावशीच्या शिव्या खाल्ल्या होत्या
उपाशीपोटी.

मग लोक यायला लागले.
बेळगावहून, पुण्याहून, एक जोडपं थेट इंदूरहून.
"मौसी, हमें भी डाँटिए ना."
रुमाल घरूनच आणलेले.
गालमो कुणालाच नको होता.

तिला आधी कळेचना.
ज्यानं काही केलंच नाही
त्याला कशावरून बोलायचं?
ती त्यांना पाट द्यायची, विचारायची, जेवलात?
ते व्हिडिओ चालले नाहीत.

मीच शिकवलं तिला.
पहिल्या तीन सेकंदांत तोंड उघडायचं.
अबोलीचा वळेसर माळायचा, रंग उठतो.
गुलाब हा शब्द आलाच पाहिजे.
आणि माझ्याकडे नाही गो, इथं, या काळ्या ठिपक्याकडे बघ.
शिकली ती.
शाळेत न गेलेली बाई
माझ्या हाताखाली महिन्यात तयार झाली.

खाली कुणी लिहायचं: अस्सल.
कुणी: पैसे घेऊन बोलते.
एकीनं लिहिलं: माझी आई अशीच बोलायची.
ते वाचून दाखवलं तर मावशी म्हणाली, परत वाच.
मग म्हणाली, तिचं नाव विचार, कुठली ते विचार.
मी हो म्हटलं.
तोवर त्याच्यावर सहाशे हसरे चेहरे येऊन पडले होते,
आणि ती बाई मला पुन्हा सापडली नाही.

शेजारी चोरिसांच्या माळा घेऊन बसते पिएदाद,
सव्वीस वर्षं, त्याच गोणपाटावर.
एक दिवस ती रुसून म्हणाली,
"चंद्रू, आठ दीस जाले,
म्हाका एक गाळ घालूंक ना तुवें."
मावशी हसली.
पण घातली नाही. घसा जपत होती,
चार वाजता एक हॉटेलवाला यायचा होता.

पूर्वी दिवेलागणीला ती पदराची गाठ सोडायची
आणि नोटा माझ्यापुढे सरकवून विचारायची, आज किती?
अजूनही तेच विचारते.
गाठ न सोडता.
मी आकडा सांगतो. ती मान हलवते,
जसा काही तो आकडा
उद्या दूधवाल्याला देता येईल.

मग उतरायला लागलं.
लाखाचे हजार, हजाराचे तीनशे.
आता फोंड्याकडचा कुणीतरी कोंबडा आहे,
गाडीच्या हॉर्नला उत्तर देतो.
मीसुद्धा पाहिला. चांगला आहे.
मावशीला दाखवला नाही.

काल मांजरानं शिंक्यातला खारा बांगडा ओढला.
मावशी उठली. तीच, बाजारातली, मे महिन्यातली,
हात तसाच वर, आवाज तसाच पोटातून,
मांजराच्या सात पिढ्यांपैकी तिसऱ्या पिढीपर्यंत आली
आणि थांबली.
डावीकडे वळून पाहिलं,
जिथं मी उभा असतो.

मी होतो तिथंच. दारात.
हातात ताट होतं, खरकटं.

मांजर पळालं नाही.
तोंडात बांगडा धरून
तिच्याकडे बघत उभं राहिलं,
उरलेली शिवी ऐकायला.