हिच्या हातून

सुमो साखर कारखान्याच्या लिलावातली.
दारावरचा रंग जरा खरवडला
की खालून ‘शेतकी विभाग’ डोकावायचं.
म्हणून मोहर्लीच्या नाक्यावर वनरक्षकानं
आम्हाला खाड्कन सलाम ठोकला
आणि मालूआत्यानं मागच्या सीटवरून
भडंगाचा डबा मांडीवर सावरत
तो रीतसर स्वीकारला.

उद्यमनगरात पप्पांच्या तीन लेथ.
मुद्दाम बंद फक्त खंडेनवमीला,
बाकी वीज जाईल तेव्हा.
त्या मे महिन्यात त्यांनी शटर ओढलं,
कुलपात दोन थेंब तेल सोडलं, म्हणाले,
अकरा दिवस. पाच जंगलं.
चांदोली, ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामळ.
रणजितनं विचारलं, वाघ?
पप्पा म्हणाले, डिझेल किती बसतंय ते विचार.

चांदोलीत गवा दिसला, तोही मागून अर्धा.
मग नुसता रस्ता.
सोलापूरच्या पुढं आत्याचं डोकं चढलं,
नांदेडला रणजित उलटला, यवतमाळला मी.
आई पुढच्या सीटवर, मांडीवर कांदा आणि नकाशा,
उन्हाला कांदा, चुकलं तर नकाशा.
पप्पा मध्येच गाडी बाजूला घेत,
बॉनेटवर तळवा ठेवून उभे राहत
तापल्या पोराचं कपाळ बघावं तसे.
‘बेअरिंग बोलतंय,’ म्हणत.
आम्हाला काही ऐकू येत नसे.

त्यांना बाकीचं काही ऐकू येत नसे.
तीस वर्षांत लोखंडानं कान खाल्ले होते,
वरचे सूर आधी, मग आमची नावं.
घरात आम्ही सगळे ओरडून बोलायचो;
शेजारचे म्हणायचे, चौगुल्यांकडं रोज भांडण असतंय.

ताडोबात, पाणवठ्याजवळ,
गाइडनं बोट वर केलं. बोलू नका जी.
ओरडायची सवय असलेली पाच माणसं
एकदम गप्प.
बांबूत कुठंतरी सांबर ओरडलं.
ढँक.
गाइडचे डोळे मोठे. वाघ चालतोय, तो कुजबुजला.
आत्यानं देवाचं नाव ओठातच ठेवलं.
पप्पा आमच्या तोंडांकडं बघत होते,
एकेकाच्या, पाळीपाळीनं,
लग्नात अनोळखी भाषेतल्या विनोदावर
कधी हसायचं ते शोधणाऱ्या पाहुण्यासारखे.

तेव्हा आईनं त्यांचं मनगट धरलं
आणि दाबलं. एकदा.
थांबली.
सांबर पुन्हा ओरडलं तशी पुन्हा.
मग दोनदा लागोपाठ.
मग कितीतरी वेळ नाही.
पप्पांनी डोळे मिटून घेतले.

वाघ आला नाही.
नवेगावला तळं होतं, पेंचला धूळ,
गुगामळच्या घाटात पंप गेला
आणि पप्पांनी तो जुन्या ट्यूबच्या रबरावर
मेळघाटातून कोल्हापूरपर्यंत आणला.
हे मात्र ते सगळ्यांना सांगायचे.
रंकाळा दिसल्यावर आत्या म्हणाली,
झालं बाई, आता कुठं पाणी पाण्यासारखं दिसलं.

काल लेथ विकायला काढल्या.
मधल्या लेथच्या खणात, ड्रिलांखाली,
तेलकट बोटांची ती वही सापडली.
डिझेल. पंक्चर, उमरखेड. कलिंगड.
गाइड चारशे, वर वीस, पोरगा चांगला होता.
आणि सहाव्या दिवसाखाली,
हिशेबाच्याच रकान्यात, हिशेबाच्याच अक्षरात:
सांबर – ऐकलं, चार वेळा. हिच्या हातून.
समोर रक्कम नाही. नुसती एक रेघ.

मी वही घेऊन बाहेर आले.
पप्पा खुर्चीवर, ऊन पायापर्यंत आलेलं.
आईला जाऊन तीन वर्षं झाली.
काय दाखवायचं, कसं, ठरेना.
त्यांनीच मान वर करून
सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं,
‘कितीला मागतोय?’

मी बोटं दाखवली.
‘कमी हाय,’ ते ओरडले.
‘मधली नको देऊ.’