नळीमागच्या रेघा

दांडिया बाजारातल्या लॅबमध्ये एकतीस वर्षं
मी हेच केलं :
रक्ताचा थेंब, औषधाचं पाणी, काचेची नळी,
नळीमागे रेघांचा कागद.
रेघा दिसल्या तर सुटलात.
पाणी गढूळलं, रेघा बुडाल्या,
तर लिहायचं, सिकल पॉझिटिव्ह.
पुढचा.

पुढचा म्हणजे बहुतेकदा राठवा.
पत्त्याच्या रकान्यात मी लिहीत असे
‘छोटाउदेपूरकडचा’,
आणि तोही मान हलवी,
जरी सहा वर्षं त्याची चूल
कलालीकडच्या पुलाखाली पेटत होती.
मला ठाऊक होतं.
रकाना लहान होता.

निवृत्त झाले त्या वर्षी टेरसीबेन दारात आली.
बोटांच्या पेरांत सिमेंट, कडेवर कुणाचं तरी पोर.
म्हणाली, बेन, सुई टोचायला शिकवा.
प्रश्न आमचे आम्ही विचारू.

अमावास्येला इथे बांधकामं बंद असतात.
तेव्हा बसतो आम्ही,
नऊ बायका, देसिंग, आणि खांबाला टेकून मी.
पहिल्या दिवशी माझा जुना फॉर्म नेला होता,
चौतीस प्रश्न, टाइप केलेले.
झिणकी, वय एकोणीस, सातवी पास,
हिने एकतीस खोडले.

शौचालय आहे का, हे खोडलं.
घातलं : रात्री कितव्या हाकेला सोबत मिळते?
कायमचा पत्ता खोडला.
घातलं : होळीला गावी जाता
तेव्हा इथे काय ठेवून जाता, कुणाच्या भरवशावर?
‘दुखतं का, हो किंवा नाही’
यावर तर अर्धी दुपार गेली.
एक दुखणं पाऊस यायच्या आधीचं, गुडघ्यातलं.
एक स्लॅब भरल्या रात्रीचं, ते सगळ्यांचंच, ते वेगळं मोजा.
एक लेकराचं, जे रडत नाही, नुसतं हात धरून ठेवतं.
मी एकतीस वर्षं
या सगळ्याला एकच खूण करत होते.

मोजणी मक्याच्या दाण्यांनी.
तेलाचे रिकामे डबे, त्यावर कोळशाने चित्रं.
ज्याचा दाणा त्यानेच टाकायचा.

श्रावणात एक डॉक्टर आले,
गाडी लांब उभी करून, चिखलातून, भले गृहस्थ.
बिस्किटांचे दोन खोके, दोनशे नळ्या.
टेरसीबेनने विचारलं, रक्त राहील कुठे?
फ्रीजमध्ये.
किती दिवस?
ते म्हणाले, कायम.
देसिंग इतका वेळ पोराची चप्पल शिवत होता.
मान वर न करता बोलला,
मग रक्ताला मिळाला म्हणायचा
कायमचा पत्ता.

कुणी हसलं नाही. मग सगळ्याच हसल्या,
डॉक्टरही, जरा उशिरा.
नाही म्हणाल्या नाहीत त्या.
म्हणाल्या, पुढच्या अमावास्येला या, खाली बसा,
काय सापडलं ते आधी इथे सांगा, आमच्या बोलीत,
मग बाहेर.
डॉक्टर विचार करतो म्हणून गेले.
अजून आलेले नाहीत.
बिस्किटं पोरांनी त्याच दिवशी संपवली.

काल झिणकीने स्वतःचं बोट स्वतः टोचलं.
नळी उजेडाला धरली,
मागे कागद, तिच्याच वाकड्या अक्षरातला
तिचाच सातवा प्रश्न.
पाणी गढूळलं.
एकेक अक्षर आत गेलं.
माझ्या जिभेवर सवयीने आलं, ‘पुढची’.
गिळलं मी ते.

पुलावरून ट्रक गेला.
नळीतलं पाणी थरथरलं, तिचा हात नाही.
मग तो न दिसणारा प्रश्न
तिने तोंडपाठ म्हटला, स्वतःलाच विचारला,
आणि बायका उत्तर ऐकायला
थोड्या पुढे सरकल्या.