वर आलेले दाणे

जांबोटी सोडली की बस दुसऱ्या गिअरात येते,
तिथून तिसऱ्या वळणावर कॉन्व्हेंटचं फाटक.
जानेवारी. सात वाजले तरी धुकं उठत नाही.
सिस्टर क्लोटिल्डा झगा वर खोचून
सेफ्टी पिन लावते, गमबूट चढवते,
डोक्यावरचा पांढरा कपडा तेवढा तसाच.
लांबून वाटतं, झुडपांतून बगळा चाललाय.

वजनकाट्याशी मी.
चौथीत बोर्डिंगात आले, आता वही माझ्या हातात.
नागव्वा, बावीस किलो.
सखू कोकरे, एकोणीस, पानं काढून.
‘पानं काय मी घरला नेऊलालोय?’
सखूमावशी दर वर्षी चिडते,
नागव्वा ओंदु, एरडु मोजत हसते.
सिस्टर मराठीत चुकते, कानडीतही चुकते,
आणि चूक सापडली की कोंकणीत पुटपुटते,
देवाशी की आकड्यांशी, कळत नाही.

रात्री गवा आला होता.
अकरा रोपं, दोन खांब, मिरीचा एक वेल.
‘त्यालाही लेकरं असतील,’ सिस्टर म्हणाली,
आणि मग हळूच, ‘मेल्याला.’

मग हौद.
लाल फळं पाण्यात ओतली की
भरलेली खाली जातात, न बोलता.
पोकळ, किडकी, अर्धी राहिलेली वर येतात
नि कडेकडेने जमतात, एकमेकांना चिकटून.
ती चाळणीने काढायची, वेगळी वाळवायची.
बुडालेली बेळगावला, मुन्नोळी शेटच्या गोदामात.
एक पोतं म्हणजे सगळ्या बोर्डिंगचा आठ दिवसांचा तांदूळ.
शिवाय पत्रे. शिवाय पुष्पीचा चष्मा.
वर आलेली आमची.

कितीतरी वर्षं मला वाटायचं
कॉफीची चव अशीच असते:
थोडी माती, थोडं करपलेलं,
आणि ते झाकायला गूळ.

या नाताळात शेटच्या मुलाने
चकचकीत पुडा आणून दिला.
‘तुमचीच आहे, सिस्टर. मशीनवर भाजलेली.’
पुड्यावर हत्ती होता.
आमच्याकडे हत्ती कधी आला नाही.

सिस्टर एमेरेन्सियानाला आधी दिली.
चिकमगळूरहून पहिली रोपं तिने आणली होती,
ओल्या गोणपाटात, बसमध्ये, मांडीवर घेऊन;
कंडक्टरने रोपांचं अर्धं तिकीट फाडलं होतं म्हणे.
आता तिला ऐंशीच्या पुढचं मोजायचं नसतं.
कप दोन्ही हातांत धरून तिने वास घेतला.
एक घोट. मग बराच वेळ खिडकीबाहेर.
आम्ही सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत.

‘बरी आहे,’ ती म्हणाली. ‘कुणाची?’

क्लोटिल्डाने सांगितलं, आपली.
म्हातारीने मान हलवली, कप खाली ठेवला,
‘आपली अशी नसते गं. आपली आण.’

पुडा आता लोणच्याच्या बरणीमागे आहे,
बिशप आले तर.

दुपारच्या घंटेला तोडणी थांबते.
सिस्टर वाफ्यातच उभी राहते, डोळे मिटून,
सखूमावशी पदराने तोंड पुसते,
नागव्वा तंबाखू मळता मळता थांबते,
घंटेचा मान म्हणून.

मी हौदाशी असते, चाळणी घेऊन.
फळं ओतल्याबरोबर चाळणी घालायची नाही,
हे क्लोटिल्डाने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.
हाताने ढवळायचं, आणि थांबायचं.
काहींच्या सालीला नुसती हवा धरलेली असते.
दहावीला मी तीनदा बसले,
त्या सगळ्या वेळी तिने फी भरली,
वहीत मात्र लिहिलं: खत.

पाणी निवळतं.
कडेचा एक दाणा हलतो,
गिरकी घेतो,
आणि जातो खाली.