आडवी भेग

औशाच्या शेडमध्ये हातोडे मांडलेत, एकशे बारा,
उसाचा भुगा करून करून
साबणाच्या वडीसारखे झिजलेले.

पहिला थर मी घातला.
पोपडा उडवला तर खाली
अनारशाला यावी तशी जाळी.

मैनोद्दीन मिस्त्री रागावला नाही.
"रॉड रात्री कुठं होते?"
उघड्या पाकिटात, माठाशेजारी.
"अन् मळी? खरवडलीस का?
रस मुरलाय लोखंडात. वरून झाकलास
तर वाफ होऊन बोलणारच की."

घासलं, पार उजळ धातूपर्यंत.
रॉड दोन तास भट्टीत.
हातोडा एवढा तापवला
की पाण्याचा थेंब नाचत गेला.
आधी मऊ रॉडचा थर, मग कडक,
आर्क आखूड, हात जवळ.

टिण्ण.
एक भेग, केसाएवढी, आडवी.
टिण्ण. दुसरी.
मी ग्राइंडर उचलला.

"ठेव खाली. कडक माल आहे,
अंग मोकळं करतोय.
आडवी येऊ दे.
थराच्या कडेनं खाली शिरणारी दिसली
तर उठव मला."

हातोडा चुन्यात पुरला
अन् तिथंच पोत्यावर झोपला.

मी बसलो कान लावून.
चुन्याखाली
टिण्ण.
ही कुठली?
बऱ्याच वेळानं
पुन्हा.