दुसरे तीन चाळीस

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी
कोटका शहरात पहाटेचे चार वाजता वाजता राहतात
आणि पुन्हा तीन होतात.
कायदाच तसा आहे. बंदरावरच्या क्रेनसुद्धा तो पाळतात.

माझं काम पगाराचं.
वृद्धाश्रमातल्या त्रेचाळीस माणसांचे तास
माझ्या टेबलावर येतात
ओल्या कपड्यांच्या गाठोड्यासारखे.
मी ते पिळते, वाळत घालते, घड्या करते:
मूळ दर, रात्रीचा भत्ता, रविवारचा दुप्पट,
टिकून राहिल्याबद्दलची वाढ,
त्यातून कर, पेन्शन, संघटनेची वर्गणी.
उरतं ते माणसाचं.

सोमवारी उबाह वार्समेची नोंद आली.
रात्री नऊ ते सकाळी सात.
संगणक म्हणाला, दहा तास.
मीही दहाच म्हटलं असतं;
कॉफी निवत होती, बाहेर
धड बर्फ नाही, धड पाऊस नाही असं काहीतरी पडत होतं.
पण शेऱ्याच्या रकान्यात,
जिथे लोक ‘बस चुकली’ लिहितात,
तिने लिहिलं होतं:
खोली सहा. आउने आजी गेल्या. ३:४०. दुसरे.

दुसरे.

म्हणजे पहिले तीन चाळीस होऊन गेले होते
आणि तेव्हा आजींचा श्वास चालू होता.
उबाहने ओल्या कापसाने ओठ टिपले असतील.
मग भिंतीवरचं शहाणं घड्याळ
गपकन मागे आलं असेल
आणि म्हातारीच्या उशाशी उरला असेल एक तास
ज्याचं आमच्याकडे खातंच नाही.

मी जुन्या फाइली उघडल्या.
मार्चमधली ती रात्र, तीनचे एकदम चार होतात ती:
नऊ तास. बिनचूक.
सात वर्षं, दर मार्चला, एक तास कापलेला.
ऑक्टोबरात मात्र दहा. दर वर्षी दहाच.
घेताना यंत्राला घड्याळ कळतं,
देताना ते खिडकीबाहेर बघतं.

कुणी ठरवून केलं नसेल. असं कुणी ठरवत नाही.
एका चौकटीत बरोबरची खूण करायची राहिली होती, बस्स.
आणि ती चौकट
माझ्याच पडद्यावर होती. डाव्या कोपऱ्यात.

व्यवस्थापक साम्पो लेहतियो चांगला माणूस आहे.
चांगली माणसं आधी विचारतात, किती?
मी आकडा सांगितला: रात्री दोघी-दोघं,
सात ऑक्टोबर, दोन्ही भत्ते धरून.
त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.
“कुणी मागितलंय का?”
“नाही.”
“मग?”
“मागितल्यावर देतात त्याला मदत म्हणतात.
हा पगार आहे.”
हे मी इतक्या मोठ्याने म्हणायला नको होतं.
सात वर्षं मीही मागितल्याशिवाय बघितलं नव्हतं.

दोघींचे पत्ते बदललेत, एक स्वीडनला गेली.
रेइयो तर वारला;
त्याचे तीन तास त्याच्या बहिणीच्या खात्यात,
कर कापून.
नव्या ओळीला नाव द्या, संगणक म्हणाला, वीस अक्षरांत.
मी लिहिलं: दुसऱ्यांदा तीन ते चार.

पंधरा तारखेनंतर उबाह स्वतः आली,
बुटांवरचं पाणी दारातच झटकून,
हातात पगाराची पावती.
“चुकलंय,” म्हणाली, “वीस मिनिटं जास्त लावलीत.
आजी गेल्यावर मी काही काम केलं नाही.
खिडकी उघडली. इथल्या बायकांनी शिकवलंय,
माणूस गेलं की खिडकी उघडायची.
मग नुसती बसले. थंडी आत येत होती.”

मी पावती परत तिच्याकडे सरकवली.
“खिडकी उघडणं आम्ही कामात धरतो.”

“कुठल्या कलमाखाली?”

मी नियमांचं पुस्तक ओढलं,
चष्मा शोधला,
आणि पहिल्या पानापासून
सावकाश
चाळायला लागले.