ठराव क्रमांक सात

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी
मांडणीवरचे गंज एकमेकांशी बोलतात.
बेबी टेकाम भाकरीवरून हात न काढता म्हणते,
"खदानीचं हाय. येळेवर येते."

पण परवा रात्री तीनला हाललं.
तेव्हा तर खदानीले सुट्टी होती.

कंपनीच्या साहेबानं शाळेत डबा ठेवला, तीन दिवस.
तीन दिवस सुरुंग नाही,
चौथ्या दिवशी डबाही नाही.

बेबीनं मग आपलंच यंत्र केलं :
निवडणुकीच्या पत्रकाच्या पट्ट्या कापून
खळीनं भेगांवर आडव्या चिकटवल्या,
खाली खडूनं तारखा.
पोळ्याची फाटली. कोजागिरीची फाटली.
चुलीमागची तर
नेमकी 'आपला' आणि 'माणूस' यांच्यामधून.

त्या पट्ट्या पदरात बांधून ती ग्रामसभेला आली.
शामराव ठावरी बोलत होते, रस्ता, रोजगार,
(त्यांचे चार टिप्पर खदानीवर आहेत)
तेवढ्यात पायाखालून काहीतरी
म्हशीनं कूस बदलावी तसं गेलं.
सभागृहाचा पंखा डुलायला लागला.
सगळ्यांनी वर पाहिलं, मग शामरावांकडे.

"पंखा चालू हाय," ते म्हणाले.

लाईन तर सकाळपासून नव्हती.

ग्रामसेवकानं लिहिलं :
ठराव क्रमांक सात. पंखा दुरुस्त करणे.
सर्वानुमते मंजूर.

बेबीनं अंगठा दिला नाही.
मी सही केली.
पोरगा माझा
त्या चारांतला दुसरा टिप्पर चालवते.