विहिरीपर्यंत

शुक्रवारी दुपारी शटर गुडघ्यापर्यंत ओढून
आम्ही कापडाच्या ताग्यांवर बसतो.
मनामाच्या बाजारात ह्या वेळी मांजरंही सावली सोडत नाहीत.
एसीचं पाणी बादलीत टपटपतं
आणि इद्रीस,
ओमदुर्मानहून निघालेला, अजून कुठेच न पोचलेला,
गोष्ट सांगतो.

मी हरिदासाचा मुलगा,
मला आधी सांगणाऱ्याचे हात दिसतात.
त्याचं उजवं मनगट नीट जुळलेलं नाही.
कुणी मोडलं, ते एकदाच म्हणाला:
"भावांनी",
आणि चहात साखर मागितली.

गोष्ट नेहमी तीच.
बापाचा लाडका पोरगा, त्याच्यावर जळणारे भाऊ, रानातली विहीर.
सदरा काढून घेतात, ढकलून देतात,
वर बसून भाकरी खातात.
इथे इद्रीस थांबतो.
आठ महिने तो इथेच थांबला आहे.
महताब, जिच्या पासपोर्टावर दाढीवाला फोटो आहे,
मान हलवते. बाकीचे चपला शोधू लागतात.

अण्णा म्हणायचे, आख्यान अर्धं ठेवू नये,
ऐकणाऱ्याच्या दारात ते रात्रभर ताटकळतं.
स्वतः एकदाच उठले, उत्तररंग सोडून.
गुहागरच्या देवळात, भरल्या सभेत
कुणीतरी त्यांच्या हातात दिगंबरची चिठ्ठी दिली होती,
मला लिहिलेली.
त्यांनी झांज खाली ठेवली, उपरण्याची घडी केली.
मी एकोणीस वर्षांचा होतो.

आमच्याकडे ही गोष्ट नाही, मला खरंच ठाऊक नव्हती.
म्हणून परवा सुईत दोरा ओवता ओवता विचारलं,
"मग पुढं?"

"काफिला येतो," महताब म्हणाली,
"पोहरा सोडतात, पाण्याऐवजी पोरगा वर येतो.
विकतात त्याला. स्वस्तात."
कुणीतरी हसलं. इथे प्रत्येकाला आपापला भाव पाठ आहे.
मग तुरुंग, स्वप्नं, दुष्काळ.
भाऊ धान्य मागायला येतात. तो ओळखतो, ते ओळखत नाहीत.
"आमच्या पुस्तकात," अस्माराची मेसेरेत म्हणाली,
"तो आत जाऊन रडतो, तोंड धुतो,
बाहेर येऊन म्हणतो, वाढा."

मी शिंपी. मला भलतंच सुचलं:
"आणि सदरा?"

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग इद्रीसच बोलला, कातरीकडे बघत.
पुढे तो आपला दुसरा सदरा धाडतो.
रडून आंधळ्या झालेल्या बापाच्या तोंडावर तो टाकतात,
आणि बापाला दिसू लागतं.

अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय,
बहीण फोनवर सांगत होती.
मी आपली कॉलर चाचपली. विरली आहे, घामानं पिवळी.
असला सदरा धाडतं का कुणी?

बादली काठोकाठ भरली होती.
"मी ओततो," म्हणत इद्रीस उठला, मोरीत गेला.
नळ बराच वेळ
चालू राहिला.